पाटी कोणाच्या नावाची?

२०२५ च्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. दुपारचे जेवण आटोपून आम्ही उभयता ओटीवर जरा टेकलो होतो, तोच आमची कन्या आतून आली आणि म्हणाली, "बाबा, विजेचं बिल कुठे ठेवलंय?" बिल शोधून तिच्या हाती दिले. तिने ते उलटसुलट पाहिले आणि कपाळाला हात लावला. बिलावर आमच्या तीर्थरूपांचे नाव होते. त्यांना देवाज्ञा होऊन एकोणीस वर्षे झाली. या एकोणीस वर्षांत दर महिन्याला बिल येत होते, आम्ही ते वेळेवर भरत होतो, आणि त्यावरील नाव बदलून घ्यावे असे आम्हां दोन निवृत्त शिक्षकांना एकदाही सुचले नव्हते.

विजेच्या बिलाचा आणि मोबाइलवरील ॲपचा संबंध काय, असे वाचकांना वाटेल. आम्हांलाही तसेच वाटले होते. तो संबंध कळण्यासाठी पुढे चार महिने जावे लागले, आणि त्या चार महिन्यांत आमच्या घराण्यातील चाळीस वर्षांपूर्वीचे एक प्रकरण पुन्हा उघडावे लागले.

कन्या संगणकाची पदवीधर. सात वर्षे तिने अंधेरीच्या एका कंपनीत नोकरी केली. पहाटेची लोकल, रात्रीची लोकल, आणि घरी आल्यावर पुन्हा संगणकासमोर बैठक. पुतण्या, म्हणजे आमच्या चुलत भावाचा मुलगा, चर्चमधील गायकवृंदाबरोबर कीबोर्ड वाजवतो. एकदा सणाच्या तयारीत तो वैतागून म्हणाला की, आल्टो आणि टेनरच्या मंडळींना आपापला आवाज घरी सरावासाठी मिळाला तर निम्मी तालीम वाचेल. त्या एका वाक्यातून हे ॲप जन्मले. एखादे गीत चार आवाजांत बसवलेले असते. त्यांतला आपल्याला हवा तो आवाज पुढे आणायचा, बाकीचे मागे ढकलायचे, लय हवी तेवढी संथ करायची आणि घरबसल्या गात राहायचे, एवढेच ते काम. स्वरांची मांडणी पुतण्याची, आज्ञावली कन्येची. नोकरीत असताना तिने आपले नेमणूकपत्र काढून वाचले. त्यात अन्य कोणताही व्यवसाय न करण्याची अट होती. तिने आधी राजीनामा दिला, मग ॲप विकायला काढले. आम्हांला धसका बसला, हे कबूल केले पाहिजे. परंतु आज मागे वळून पाहता, या सर्व प्रकरणात विचारपूर्वक उचललेले ते पहिले पाऊल होते आणि बराच काळ ते एकटेच होते.

कारण पुढचे सारे घडत गेले, कोणी ठरवले नाही. ॲप विकायचे तर दुकानात मांडले पाहिजे. दुकाने दोनच, एक गुगलचे आणि एक ॲपलचे. गुगलला एकदाच पंचवीस डॉलर भरावे लागतात, ॲपलला दरवर्षी नव्व्याण्णव. अर्जात पहिलाच प्रश्न होता: तुम्ही व्यक्ती आहात की संस्था? कन्येने 'व्यक्ती' या शब्दावर बोट ठेवले आणि पुढे गेली. त्या एका बोटाने एकल मालकीचा धंदा सुरू झाला होता, हे तिला माहीत नव्हते. कायद्याला त्यासाठी वेगळी नोंदणी लागत नाही. माणूस धंदा करू लागला की तो मालक झालाच. बँकेत चालू खाते हवे म्हणून तिने उद्यम नोंदणी केली, जी फुकट होते. आणि दुकाने अधिनियमाखालची सूचना दिली, जिला आपल्याकडे अजूनही गुमास्ताच म्हणतात.

गुगलचा आणखी एक नियम गमतीचा वाटला. नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याने आपले ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी काही माणसांकडून सलग चौदा दिवस वापरून घ्यावे लागते. आधी ही माणसे वीस लागत, पुढे ती बारा झाली. संस्थेच्या खात्याला हा नियम नाही. कन्येला बारा जण गायकवृंदातच मिळाले. बारा हा आकडा ऐकून आमच्या शेजारचे वयोवृद्ध गुरुजी म्हणाले, "त्यातला एक कोण ते आधी पाहून ठेव!"

ॲप चालू लागले. बेताने, पण चालू लागले. दोन्ही दुकाने लहान विक्रेत्याकडून शंभरातले पंधरा रुपये घेतात. उरलेले खात्यात जमा होत. कॅनडातून, ऑस्ट्रेलियातून, आखातातून आपली माणसे विकत घेत होती, आणि ज्यांचा आपल्याशी काडीचा संबंध नाही असे इंग्लंडमधील गायकवृंदही. महिन्याच्या अखेरीस कन्या हिशेब करून पुतण्याला अर्धी रक्कम पाठवी. कागद कुठलाही नव्हता. भावंडांत कागद कशाला?

मग जूनमध्ये परदेशातील एका प्रकाशन संस्थेच्या वकिलाचे पत्र आले. ॲपमधील एका गीताची चार आवाजांतील मांडणी आमच्या अशिलाच्या मालकीची आहे, ती विनापरवाना वापरल्याबद्दल खुलासा करा आणि झालेल्या विक्रीचा तपशील द्या, असा मजकूर होता. धून शे-दीडशे वर्षांची, तिच्यावर कोणाचाच हक्क उरलेला नव्हता. परंतु तिची ती विशिष्ट मांडणी अलीकडच्या संगीतकाराची होती. आपल्या कायद्याप्रमाणे रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो, काही देशांत सत्तर. पुतण्याने ती एका जुन्या झेरॉक्स प्रतीवरून उतरवली होती आणि तीही धुनेइतकीच जुनी असावी असे धरून चालला होता. पत्रावर पत्ता आमच्या घराचा होता, अगदी आळीच्या नावासकट. तो त्यांना कोठून मिळाला? ॲपच्या पानावरूनच. पैसे घेऊन विकणाऱ्याचा पूर्ण पत्ता गुगल ग्राहकांना दाखवते. आमची मुलगी कोठे राहते, हे सहा महिने सगळ्या जगाला उघड होते आणि आम्हांलाच त्याची खबर नव्हती.

ती मांडणी त्याच रात्री काढून टाकली, दिलगिरीचे पत्र गेले, विक्रीचा आकडा कळवला. तो इतका क्षुल्लक होता की समोरून पुन्हा काही आले नाही. परंतु त्या आठ दिवसांत पुतण्या आमच्या घरी येऊन खाली मान घालून बसे. तो एकच वाक्य बोलला, ते आमच्या मनातून अद्याप गेलेले नाही. तो म्हणाला, "चूक माझी आणि नाव ताईचं."

येथे आम्हांला चाळीस वर्षे मागे जावे लागते. आमचे तीर्थरूप आणि आमचे धाकटे काका यांनी १९७९ साली भागीदारीत टेम्पो घेतला. वाडीतली भाजी, केळी आणि शेजारपाजारची फुले रात्री भरायची आणि पहाटे दादरला उतरवायची, असा तो धंदा. टेम्पोची कागदपत्रे तीर्थरूपांच्या नावे. त्यासाठी काढलेले कर्ज काकांच्या नावे, काकांच्या वाट्याच्या वाडीवर. हे असे का, याला उत्तर नाही. ज्या दिवशी ज्याला फुरसत होती त्याने त्या दिवशीची सही केली. १९८४ च्या पावसाळ्यात काका अल्पशा आजाराने गेले. टेम्पोचे इंजिन त्याच साली बसले. धंदा बंद पडला, कर्ज मात्र चालूच राहिले. १९८६ साली काकांची वाडी विकून ते फेडावे लागले, विहिरीसकट गेली. टेम्पो आमच्या अंगणात उभा होता. तो भंगाराच्या भावात गेला, तेव्हा आलेली निम्मी रक्कम घेऊन तीर्थरूप काकींकडे गेले. त्यांनी दार उघडले नाही. "टेम्पो तुमच्या नावावर राहिला, जमीन आमची गेली," एवढेच त्या आतून बोलल्या. त्यानंतर अकरा वर्षे दोन्ही घरांत बोलणे नव्हते. एका लग्नाच्या मांडवात १९९७ साली ते पुन्हा सुरू झाले, तेही मुलांमुळे.

आमच्या तीर्थरूपांनी कोणाला फसवले नाही. काकींचेही काही चुकले नव्हते. १९३२ च्या भागीदारी अधिनियमाप्रमाणे भागीदार मरण पावला की, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर, भागीदारी संपते. आणि भागीदारीच्या देण्यासाठी प्रत्येक भागीदार एकत्रितपणे तसाच एकेकटाही संपूर्ण जबाबदार असतो. म्हणजे देणेकऱ्याने कोणाकडून वसूल करावे हा त्याचा प्रश्न. आणि मागाहून भावाने भावाकडून काय घ्यावे हे ठरवण्यासाठी कागद लागतो. तो कागद नव्हता. पुतण्या हा त्याच काकांचा नातू. आता आमच्या घरात पुन्हा तेच चालले होते: काम दोघांचे, नाव एकाचे, कागद नाही. फरक एवढाच की, या खेपेस नाव आमच्या मुलीचे असल्याने संकट तिच्यावर आले होते. पण ॲप पुढे खूप चालले असते, तर लाभही तिच्याच नावे राहिला असता आणि पुतण्याच्या हाती काहीच नसते.

ओळखीच्या सनदी लेखापालांकडे आम्ही चौघे गेलो. त्यांनी एकल मालकीचे गुण आधी सांगितले, आणि ते खरेच आहेत. हिशेब सोपा. मालकाचा कर तोच धंद्याचा कर. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर नव्या प्रणालीत व्यक्तीच्या १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर पडत नाही. सेवांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असली तर वस्तू व सेवा कराची नोंदणीही सक्तीची नाही. आणि पुढे नोंदणी झालीच, तर परदेशातील विक्री अटी पाळल्यास निर्यात ठरून तिच्यावर शून्य दराने आकारणी होते. "एकटी असतीस तर मी तुला आणखी दोन वर्षे इथेच ठेवली असती," ते कन्येला म्हणाले. दोष एकच. मालक आणि धंदा यांत कायदा भेद करत नाही. धंद्याचे देणे तेच मालकाचे देणे, आणि ते भागवण्यासाठी मालकाच्या नावे जे जे असेल ते सारे उघडे.

आम्ही विचारले की, मग कंपनीत हा भेद कोठून येतो? दोन माणसांनी कागदावर सह्या केल्या की हवेतून तिसरा माणूस उभा राहतो, हे आमच्या शिक्षकी डोक्याला पटत नव्हते. त्यावर त्यांनी आम्हांला लंडनच्या एका बूट करणाऱ्याची हकीकत सांगितली. ती येथे दिल्यावाचून राहवत नाही.

ॲरन सॉलोमन हा व्हाइटचॅपल भागातील बुटांचा कारखानदार. त्याचा धंदा बरा चालला होता. १८९२ साली त्याने धंद्याची कंपनी केली. त्या वेळच्या कायद्याला सात सभासद लागत. त्याने आपली पत्नी, एक मुलगी आणि चार मुलगे यांना एकेक भाग दिला आणि २०,००१ भाग स्वतःकडे ठेवले. शिवाय धंद्याच्या किमतीपोटी कंपनीकडून दहा हजार पौंडांचे तारण रोखे आपल्या नावे करून घेतले. लवकरच चर्मोद्योगात संप झाले, मागणी घटली आणि कंपनी बुडाली. उधारीवर माल देणाऱ्यांना देण्यासाठी काही उरले नाही. कंपनी म्हणजे सॉलोमनच, तिचे देणे त्यानेच भागवावे, असे खालच्या दोन्ही न्यायालयांनी ठरवले. तोवर तो स्वतः कफल्लक झाला होता. तरी तो उमरावांच्या सभेपर्यंत गेला, आणि १८९६ च्या नोव्हेंबरात तेथील न्यायाधीशांनी एकमताने उलटा निर्णय दिला: कायद्याच्या अटी पाळून कंपनी नोंदली गेली की ती निराळी व्यक्ती, तिचे भाग कोणाकडे किती आहेत याने त्यात फरक पडत नाही. आपल्याकडील कंपनी कायदाही याच पायावर उभा आहे.

आम्हांला खरे सांगायचे तर त्या चामडे देणाऱ्यांची कणव आली. न्यायाधीशांचे म्हणणे असे की, आपण कोणाशी व्यवहार करत आहोत हे त्यांनी पाहायला हवे होते. बरोबरच आहे. परंतु उधारीवर फुले देणाऱ्या आमच्या आळीतील बायकांनी टेम्पोची कागदपत्रे कधी पाहिली होती? असो.

कंपनीचे दोन प्रकार आम्हांला लागू पडण्यासारखे होते. पहिला, एक व्यक्ती कंपनी. इराणी समितीने २००५ साली तिची शिफारस केली आणि २०१३ च्या कंपनी कायद्याने ती आली. तिच्यात सभासद एकच, मात्र त्याने आपल्या पश्चात कंपनी कोणाकडे जाईल त्याचे नाव लेखी संमतीसह आधीच द्यायचे. कन्येला ही कल्पना आवडली. आम्हांला तिसाव्या वर्षी मुलीने वारस नेमण्याची भाषा ऐकवेना. पण त्याहून मोठी अडचण समोरच्या खुर्चीवर बसली होती. त्या कंपनीत पुतण्याचे स्थान काय? पगारी नोकर. तो "चालेल मला" म्हणाला. तो ज्या घाईने म्हणाला, त्यावरूनच ते चालणार नाही हे आम्हांला कळले.

दुसरा प्रकार खासगी मर्यादित कंपनीचा. दोन सभासद, दोन संचालक. किमान एक लाख भांडवलाची जुनी अट २०१५ साली गेली. पैसे गुंतवणारा कोणी बाहेरचा यायचा असेल तर हाच मार्ग. परंतु विक्री दहा रुपयांची असो की दहा कोटींची, दरवर्षी लेखापरीक्षण हवेच. सभा घ्या, इतिवृत्ते लिहा, वार्षिक विवरणे भरा, आणि उशीर झाला तर प्रत्येक विवरणामागे दिवसाला शंभर रुपये जादा. एक व्यक्ती कंपनीलाही लेखापरीक्षण चुकत नाही. सराव करून घेणाऱ्या एका ॲपसाठी हा पसारा आम्हांला शोभेसा वाटला नाही. 'प्रायव्हेट लिमिटेड' ही अक्षरे नावापुढे छान दिसतात एवढ्यावरून ती लावून घेणारे तरुण आम्ही पाहिले आहेत, आणि तीन वर्षांनी ती पुसून घेण्यासाठी धडपडणारेही.

मध्येच आम्ही सहकारी संस्थेचा विषय काढला. वसईची माणसे आम्ही. १९१८ पासून आपल्याकडे सहकारी बँक आहे, भाजीदुधाच्या सोसायट्या आहेत. दोन जणांची सोसायटी का नको? लेखापाल हसले. सहकारी संस्थेला निरनिराळ्या कुटुंबांतील किमान दहा माणसे लागतात. आमची दोन्ही कुटुंबे मिळून एक धरायचे की दोन, यावरच आधी वाद झाला असता.

उरली ती मर्यादित दायित्व भागीदारी. सारे जण तिला एलएलपी म्हणतात, म्हणून आम्हीही तसेच लिहितो. २००८ च्या कायद्याने ती आली. टेम्पोच्या भागीदारीत जे नव्हते, ते तिच्यात आहे. ती भागीदारांहून निराळी व्यक्ती आहे. एक भागीदार मरण पावला तरी ती मरत नाही. तिचे देणे तिच्या मालमत्तेतून भागते, भागीदाराच्या घरातून नाही. आणि एकाच्या चुकीसाठी दुसऱ्याला स्वतःच्या खिशातून द्यावे लागत नाही. उलाढाल ४० लाखांपर्यंत आणि भांडवल २५ लाखांपर्यंत असेल तर लेखापरीक्षणाची सक्ती नाही. वर्षातून दोन विवरणे मात्र चुकवायची नाहीत, एक ३० मेपर्यंत आणि दुसरे ३० ऑक्टोबरपर्यंत.

कराच्या बाबतीत ती महाग वाटते. नफ्यावर पहिल्या रुपयापासून ३० टक्के आणि वर उपकर. व्यक्तीसारखी १२ लाखांची सवलत नाही. कन्येचा चेहरा उतरला. परंतु येथे एक सोय आहे. काम करणाऱ्या भागीदारांना करारात लिहिलेले वेतन संस्था आपल्या नफ्यातून वजा करू शकते: पहिल्या सहा लाखांच्या नफ्यावर तीन लाख किंवा नव्वद टक्के यांतील जे जास्त ते, आणि त्यापुढच्या नफ्यावर साठ टक्के. ते वेतन भागीदाराच्या हाती वैयक्तिक दराने मोजले जाते, आणि उरलेल्या नफ्यातील वाटा त्याच्या हाती करमुक्त. आकडेमोड केल्यावर दोन्ही बाजूंत वर्षाला जो फरक निघाला, तेवढे पैसे आम्ही दर पावसाळ्यापूर्वी कौले शाकारण्यावर घालवतो.

निघताना लेखापालांनी जे सांगितले ते आम्हांला सर्वांत महत्त्वाचे वाटते. ते म्हणाले, "दोन गोष्टींपासून तुम्हांला कोणतीही रचना वाचवणार नाही. स्वतःच्या हाताने केलेली चूक, आणि स्वतःच्या हाताने केलेली जामिनाची सही." म्हणजे एखाद्याने दुसऱ्याची स्वरमांडणी उचलली, तर एलएलपीची असली तरी उचलणाऱ्याचे बोट सुटत नाही. ग्राहकांची वैयक्तिक माहिती गोळा करून ती निष्काळजीपणे ठेवली, तर २०२३ च्या कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. कन्येने त्या आठवड्यात ॲपमधून ग्राहकाचे नाव आणि फोन विचारणारी जागा काढूनच टाकली. आणि एलएलपीला कर्ज देताना बँक भागीदारांना वैयक्तिक जामीन मागते. तेथे सही केली की सॉलोमनची सारी पुण्याई वाया.

करार लिहायला सहा आठवडे लागले. छापील नमुना होता, पण त्यात आमचे प्रश्न नव्हते. आज्ञावली कोणाची आणि स्वरमांडणी कोणाची? दोन्ही एलएलपीच्या, असे ठरले. कोणी बाहेर पडला तर? कन्या लग्न होऊन परदेशी गेली, पुतण्याला जहाजावर वादकाची नोकरी मिळाली, तर काम न करता वाटा किती? प्रत्येक नव्या गीताचा हक्क कोणी तपासायचा, आणि तपासल्याची नोंद कोठे ठेवायची? एक जण वारल्यास त्याच्या घरच्यांना किती दिवसांत, कोणत्या हिशेबाने पैसे द्यायचे? हे शेवटचे कलम मुलांनी दोन ओळींत उरकले होते. आम्ही ते पुन्हा लिहायला लावले, आणि ते एक पानभर झाले. कलम लिहिताना दोघे एकदा कडाडून भांडले, वाटा निम्मा-निम्मा की साठ-चाळीस यावर. आम्ही उठून परसात गेलो. भांडण कागदावर चालले होते, हे पाहून आम्हांला बरेच वाटले. निम्मा-निम्मा ठरले.

आता ते विजेचे बिल. नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यासाठी दोन महिन्यांच्या आतले बिल आणि घरमालकाचे ना हरकत पत्र जोडावे लागते. आमचे घर कागदोपत्री तीर्थरूपांचेच. म्हणजे सर्व वारसांच्या सह्या, त्यांत एक बहीण मेलबर्नला. शिवाय मुलीचा पत्ता पुन्हा जगजाहीर करण्याची आमची इच्छा नव्हती. पुतण्या म्हणाला, "आमच्याकडचं बिल आजीच्या नावावर आहे." त्यांच्या घराची रस्त्याकडची खोली रिकामीच होती; एके काळी तेथे भाजीच्या पाट्या भरल्या जात.

धाकट्या काकींचे वय आता अठ्ठ्याऐंशी. ना हरकत पत्र घेऊन आम्ही उभयता आणि पुतण्या त्यांच्यासमोर बसलो. आम्ही वाचून दाखवले. १९८६ साली वाडीच्या विक्रीखतावर त्यांनी अंगठा दिला होता. त्यानंतर त्या आमच्याच आळीतील प्रौढ शिक्षणाच्या वर्गात सही करायला शिकल्या, हे आम्हांला त्या दिवशी कळले. त्यांनी पेन हाती घेतले आणि तसेच धरून ठेवले. मग आपल्या बोलीत एकच प्रश्न विचारला: यात घर जाणार नाही ना?

उत्तर आम्हांला द्यायचे होते, कारण प्रश्न आमच्याकडे पाहून विचारला होता. आम्ही म्हणालो, "काकी, धंद्याच्या देण्यापायी जाणार नाही. कायदा तसा आहे. पण उद्या कर्जासाठी जामीन म्हणून कोणी सही मागितली, मग ती या पोराने मागितली किंवा आम्ही मागितली, तर देऊ नका."

"तुम्ही मागितली तरी?"

"आम्ही मागितली तरी."

त्यांनी सही केली. अक्षरे मोठी, एकमेकांपासून सुटी, ओळीच्या जरा वर गेलेली.

नोव्हेंबरात नोंदणी झाली. पहिले सुचवलेले नाव दुसऱ्या एका संस्थेच्या नावासारखे ठरून परत आले, दुसरे मंजूर झाले. संस्थेचे खाते उघडण्यासाठी नऊ आकडी डन्स क्रमांक लागतो, तो आला. दोन्ही दुकाने ॲप एका खात्यातून दुसऱ्या खात्यात सरकवू देतात; ग्राहकांचे अभिप्राय आणि तारेही बरोबर येतात. इंग्लंडमधील त्या गायकवृंदाला बदल कळलाही नसेल. ॲपच्या पानावर कन्येच्या नावाच्या जागी आता एलएलपीचे नाव दिसते आणि खाली काकींच्या घराचा पत्ता.

तेवढी दारावरची पाटी राहिली आहे. नाव लांब, दार अरुंद. पेंटर दोनदा माप घेऊन गेला आणि अक्षरे बारीक करावी लागतील म्हणाला. काकींचा त्याला विरोध आहे. त्यांना खाटेवरून वाचता आले पाहिजे.